देव जेवले का?

एकनाथ गुरुजींनी देवांना उपाशी परत पाठवलं, ही गोष्ट सोलापुरात तिघांनाच ठाऊक होती: गुरुजींना, त्यांच्या पत्नी यशोदाबाईंना आणि देवांना. यजमानाला पत्ताही नव्हता.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत मानसिंगच्या टॉवेल कारखान्यात नव्या मागांची पूजा होती. गुरुजींनी नैवेद्याच्या आधीच उत्तरपूजेच्या अक्षता टाकल्या. म्हणजे पाहुण्यांना जेवायला बोलवायचं आणि पान वाढण्याआधीच 'बरंय, या आता' म्हणायचं.

"गुरुजी, लई झटपट केलंत की!" मानसिंग खूश. कामगारही खूश, शिरा अर्धा तास आधी मिळाला.

गुरुजींनी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा यशोदाबाईंची भाकरी तव्यावर करपली. दोन महिने घरात असंच चाललं होतं. आधण ठेवून गुरुजी विचार करत उभे राहायचे, की आता साखर का चहा? घरकाम टाळायची ही नवी युक्ती, असं बाई समजत होत्या. पण पूजेत चूक? उद्या ते आपल्यालाही विसरले तर? तपासायची सोयही नव्हती. चाळीस वर्षांत गुरुजींनी बायकोला नावानं हाक मारलेली नव्हती. सगळा संसार 'अगं'वर भागला होता.

दुसऱ्याच आठवड्यात बाई त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर हेमावतींनी आधी मेंदूचा फोटो काढून आणायला लावला, मग प्रश्न सुरू केले.

"आज तारीख काय?"

गुरुजी सावरून बसले. शके, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, सगळं एका दमात म्हणून टाकलं. डॉक्टरांनी मोबाइलमध्ये पंचांग शोधलं. बरोबर होतं.

"आपण आत्ता कुठं आहोत?"

"भरतवर्षे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे."

"मजला कितवा?"

"दुसरा. लिफ्ट बंद आहे."

मग घड्याळ काढायला सांगितलं. गुरुजींनी बाराही आकडे उजव्या बाजूला कोंबले. डावी बाजू एसटीतल्या राखीव सीटसारखी रिकामी.

"बरोबर कोण आलंय?"

"पत्नी."

"नाव?"

गुरुजींनी उपरणं पुन्हा पुन्हा सारखं केलं. बाईंनी पर्सचा बंद मुठीत आवळला. सांगावं का? सांगू नये? कॉपी होईल.

"यशोदा," गुरुजी अखेर म्हणाले. "लग्नात तांदळात मीच लिहिलं होतं. माहेरचं वैष्णवी. तेही सांगायचं का?"

बाईंनी डोळे पुसले आणि एसीला नावं ठेवली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बीपीनं खराब झाल्यात, छोटे छोटे झटके येऊन गेलेत. व्हॅस्क्युलर डिमेन्शिया, सुरुवातीचा. यात विचार मंदावतो, कामांचा क्रम चुकतो. जुनं पाठांतर सहसा टिकून राहतं. "गेलेलं सगळं परत येईल असं नाही. पण बीपी सांभाळलं तर पुढचं बरंच लांबवता येतं. गोळी रोज घेता ना?"

"पूजा नसेल त्या दिवशी घेतो," गुरुजी म्हणाले. "पूजा होईपर्यंत पोटात काही घालायचं नाही. नंतर राहून जातं."

"महिन्यात पूजा किती?"

"देवाच्या कृपेनं, वीस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "ही गोळी उपाशीपोटी चालते."

"उपास मोडतो."

"आचमनाला पाणी पिता ना?" बाई कडाडल्या. "केशवाय नमः म्हणताना पहिल्या पळीबरोबर गोळी. नारायणाला मी समजावते!"

शास्त्रात याला आधार नव्हता. विरोधही नव्हता. गुरुजींनी मान डोलावली.

पुढच्या महिन्यात गुरुजी स्वतःहून मानसिंगकडे गेले आणि झालेली चूक सांगितली. "मला कुटं कळलं हुतं," मानसिंग म्हणाला, "पुन्ना करा की, शिरा हायच." या वेळी यशोदाबाई शेजारी पाट मांडून बसल्या. हळद, कुंकू, फुलं, नैवेद्य, एकेक वाटी झाकून ठेवलेली. जिची पाळी येईल तेवढीच पुढं सरकवायची. गोळी आचमनातच गेली होती.

शेवटी गुरुजींनी उत्तरपूजेच्या अक्षता उचलल्या. हात हवेत थांबला. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि सगळ्या कारखान्यासमोर विचारलं, "यशोदे, देव जेवले का?"

यशोदाबाई लाजल्या. या वयात, मागांच्या साक्षीनं.

"पोटभर," त्या म्हणाल्या. "सोडा आता."