हरवलेली वीस मिनिटं

शंकरराव तेलंग इंदौरच्या एका कापड मिलमध्ये टाइमकीपर होते, एकतीस वर्षं. माणूस असा खडूस, की सख्खा भाऊ बंडू तीन मिनिटं उशिरा आला तर त्याच्याही कार्डावर तीन मिनिटं लिहून मोकळे. बंडू वर्षभर बोलला नाही. मिल बंद पडून दोन वर्षं झाली, भोंगा गप्प झाला, पण यांच्या डोक्यातली पाळी काही सुटेना. कुठलंही गाव किती लांब, ते पाळीत मोजायचे. पाळी म्हणजे आठ तास.

अशात एकुलत्या एका लेकीला, सुरभीला, नागपूरला नोकरी लागली. बायको गेल्यापासून घरात दोघंच. शंकरराव म्हणाले, "एका पाळीत पोचता येईल इतकीच लांब जा. त्यापुढे नाही." धास्ती होती एकटं पडण्याची, पण तेवढं कबूल करतील तर शपथ. आणि नागपूरची बस चौदा तास खायची.

"बाबा, अब तो प्लेन जातं ना इथून," सुरभी म्हणाली. "नवीन कंपनी आहे. एक तास दहा मिनिटं फक्त."

झालं, गडी चक्रावला. ॲटलास काढला, मिलचं सूत काढलं, इंदौर ते नागपूर ताणून धरलं. सरळ रेषेत तीनशे ऐंशी किलोमीटर. विमानाचा वेग कुठूनतरी विचारून आणला, तासाला साडेचारशे. म्हणजे पन्नास मिनिटं. मग वरची वीस मिनिटं गेली कुठे? दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सूत खिशात घालून ते थेट कंपनीच्या काउंटरवर.

काउंटरवर हृषीकेश नावाचा मुलगा होता. "काकाजी, तिकीट पाहिजे?"

"तिकीट नंतर. वीस मिनिटांचा जवाब द्या."

"अरे भिया," तो हसला, पण पोरगं गुणी होतं, त्याने कागद ओढला. "विमान आधी जमिनीवर चालतं, रनवेपर्यंत. मग चढतं, तेव्हा वेग कमी. उतरतानाही कमी. आणि सुतासारखं सरळ जात नाही, वळणं घेतं. दरवाजा बंद झाल्यापासून उघडेपर्यंत, सब मिलाकर सत्तर."

शंकरराव कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे मागावर होतं तसंच," ते म्हणाले. "पाळी आठ तासांची, पण तुटलेला धागा जोडायला माग थांबतोच. ती मिनिटं हरवत नाहीत, जोडण्यात जातात." हिशेब जुळला. इतके खूश झाले, की घरी येऊन स्वतःच बोलले, "जा पोरी. पाळीचा सहावा हिस्सासुद्धा नाही."

सुरभी गेली. आणि पाच महिन्यांत विमान बंद. कंपनीनेच गाशा गुंडाळला. मिलचं झालं तेच. सुरभीने फोनवर घाबरत सांगितलं, "बाबा, तुम्ही म्हणत असाल तर मी परत येते."

शंकररावांनी फोन ठेवला. रविवारी सकाळी सहाच्या बसमध्ये बसले. घाटात कंबर गेली, वाटेत टायर बसला तो वेगळाच. रात्री आठला लेकीच्या दारात उभे राहिले तेव्हा केसांत धूळ होती आणि पाय सुजले होते.

"किती वेळ लागला, बाबा?"

शंकररावांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"एकच पाळी," ते म्हणाले. "नोकरी सोडू नकोस."

सुरभीला बस कधी सुटते ते पक्कं ठाऊक होतं. तिने पाणी पुढे केलं, आणि तिला रडू आवरेना. ज्या माणसाने सख्ख्या भावाला तीन मिनिटं सोडली नव्हती, त्याने तिच्यासाठी सहा तास सोडून दिले होते.