दिवा सगळ्यात शेवटी

थंडीत चालतो का ते पाहायला ठेवलेला डिजिटल घड्याळाचा छोटा पडदा तिने फ्रीजरमधून काढला, पुसला आणि टेबलावर ठेवून त्याला वीज दिली. पडद्यावर आधी पांढऱ्या रेघांचा गोंधळ माजला, मग कुठे घड्याळाचे आकडे उमटले.

"गारठला की असंच करतो," ती फोनवर सहकाऱ्याला म्हणाली. "चित्र तयार नाही आणि मागचा दिवा आधीच पेटतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग."

"मग थांबायची वेळ वाढव ना कोडमध्ये."

"दोनदा वाढवली. आणखी गार झाला की पुन्हा तेच."

समोरच्या खुर्चीत तिचे वडील बसले होते. झटका येऊन गेल्यापासून त्यांची जीभ जड झाली होती.

"बाबा, चहा की दूध?"

त्यांचे ओठ हलले. अंगठा खुर्चीच्या हातावर गोल फिरू लागला. ती नेहमीइतकी थांबली.

"दूधच ना? आणते."

बाबांनी मान डोलावली. हल्ली ते मानच डोलवत. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना बोलतं ठेवा. पण बोलणं कमीच होत चाललं होतं, आणि एक दिवस ते पार बंद होईल अशी तिला धास्ती वाटायची.

पेला त्यांच्यापुढे ठेवून ती पुन्हा कामाला बसली. पडद्याची माहिती वाचताना तिला एक बारीकशी गोष्ट सापडली. पडद्याकडून एक तार परत येत होती. तयार झाला की पडदा त्या तारेवरून तसं कळवायचा. तार पहिल्यापासून जोडलेली होती, कोडमध्ये त्या तारेकडे बघत मात्र कुणीच नव्हतं.

तिने अंदाजाचं सगळं थांबणं काढून टाकलं. आधी वीज, मग पडद्याच्या होकाराची वाट, मग चित्र, आणि दिवा सगळ्यात शेवटी. पडदा पुन्हा फ्रीजरमध्ये गेला, गारठून बाहेर आला. या वेळी आकडे शहाण्या मुलासारखे उमटले.

"जमलं!" ती फोनवर ओरडली. "इतके दिवस आपल्याच मनाने थांबत होतो. त्याला विचारलंच नाही."

"आता पार्टी दे," सहकारी म्हणाला.

फोन ठेवून तिने मान वर केली. पेला तसाच होता. दुधावर साय धरली होती. ती बराच वेळ त्या पेल्याकडे बघत राहिली. मग बाबांसमोर येऊन बसली.

"बाबा, काय आणू?"

अंगठा फिरू लागला. 'दूध' तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं. अंगठा फिरतच होता. मग थांबला.

"कॉ... फी."

ती उठणार, तोच अंगठा पुन्हा फिरू लागला. ती खाली बसली.

"दूध... मला... आवडत नाही."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"कधीपासून, बाबा?"

अंगठा फिरू लागला. बाबांचे डोळे मिश्कील झाले होते, उत्तर चांगलंच लांबणार होतं. तिने खुर्ची आणखी पुढे ओढली.