निळ्या गादीचा दबलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुनी निळी गादी आहे आणि स्वभावाने भित्री आहे. हसू नका. पडणाऱ्या माणसांच्या खाली राहणं हेच जिचं काम, तिची छाती रोज धडधडणारच.

कारखान्यात जाड फोमवर रेक्झिन शिवून मला तयार केलं. कराटेच्या वर्गात आले तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! इथे शिकणारी माणसं वयाने मोठी आहेत, पण त्यांना गोष्टी उशिरा समजतात आणि तोलही चटकन जातो. म्हणून सर आधी पडायला शिकवतात, मग एका पायावर उभं राहायला.

पुढे खिडकीतून पाणी झिरपून माझ्या एका कोपऱ्यातला फोम पार बसला. वरून काही दिसत नाही, खाली मात्र थेट फरशी. आणि आक्का नेमकी तिथेच उभी राहायची.

आक्का चाळिशीची, लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालणारी. जिन्यात पडून तिचा हात मोडला, तेव्हा धाकट्या भावाने तिला इथे आणलं. हल्ली ती कठडा न धरता जिना उतरते. पण भावाने सरांना बजावलं होतं, "इथे हिला लागलं, तर हिचा वर्ग बंद."

सर म्हणायचे, "आक्का, मध्ये ये." ती हलायची नाही. हट्टी बाई, असं मी मनात म्हणायचे.

परवा भाऊ बघायला आला. आक्काने लाथ उगारली, दुसरा पाय लटपटला आणि ती कोसळली. माझा जीवच गेला. पण तिची हनुवटी छातीशी होती, पाठ गोल होती आणि सरांनी शिकवल्याप्रमाणे हाताची चापट माझ्यावर सणसणीत बसली.

भाऊ धावला. "लागलं का गं?"

"नाही. इथे फरशी लागते."

सरांनी कोपरा दाबून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. "मग रोज इथेच का उभी राहतेस?"

"मला पडता येतं. मी हलले, तर ती नवीन मुलगी इथे उभी राहील. तिला अजून येत नाही."

"अगं, आधी सांगायचं ना!"

"सांगत होते. मी अडखळले, तर तुम्ही म्हणालात, हट्ट करू नकोस."

भाऊ म्हणाला, "हिचा वर्ग चालू राहील. गादी बदला."

आता मी भिंतीशी गुंडाळून पडले आहे. नवा फोम भरतील की फेकून देतील, या विचाराने धास्तावले आहे. मित्रांनो, वस्तू जपा. आणि कोणी अडखळत काही सांगत असेल, तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. मीही तिला हट्टी म्हणाले होते.