हुकमावर चालणारी टोयोटा

उदारामनं उजव्या हातानं आपला डावा हात उचलून मांडीवर ठेवला आणि किल्ली फिरवली. जुनी मालवाहू टोयोटा एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि सुरू झाली.

"चालते तं," शेजारच्या सीटवर चढत भुपेंद्र म्हणाला. मोहफुलं वाहायला गाडी हवी म्हणून तो देवरीहून आला होता. "पण सारे गिअर पडले पायजे, काकाजी. नाही तं मले नको."

दारातून मुलगी प्रेमिला म्हणाली, "बाबा, आज तरी थापा नका मारू. ह्यायनं नाही घेतली तं सांजच्याले भंगारवाला येऊनच राहिला."

उदारामची बायको, शामकला, जाऊन अठरा दिवस झाले होते. जेवा म्हटलं की तो जेवायचा, उठा म्हटलं की उठायचा. रडला मात्र नव्हता. भंगारवाला गाडी गॅसनं कापेल, एवढं एकच त्याला टोचत होतं. तेही लांबून, दुसऱ्याच्या पायात मोडलेल्या काट्यासारखं.

नव्व्याण्णव साली घेतली तेव्हाच गाडी म्हातारी होती. दोन वर्षांनी तो भाताच्या तणसाच्या ढिगावरून पडला आणि त्याचा डावा खांदा कायमचा गेला. तेव्हापासून स्टिअरिंग, क्लच, ब्रेक त्याचे. गिअरचा दांडा शामकलेचा. तो ओरडायचा, "दोन!" की दोन. "तीन!" की तीन. दांड्यावरचा तिचा हात पदराखाली झाकलेला असायचा. मग अर्जुनी मोरगावच्या बाजारात शिंगाडे उतरवताना हा सांगायला मोकळा, "जपानी गाडी हाये बापा. हुकूम देल्ला का गिअर आपोआप पडते. पयले तिले आपली बोली समजे नाही, मंग मी शिकवली." चिचगडच्या जंगलात वाघ आडवा आला तेव्हा तो घाबरून "मागं!" ओरडला, तर म्हणे गाडीही मागं गेली आणि वाघही. हे सगळं चालू असताना शामकला खाली मान घालून बसलेली. लाजते, असं त्याला वाटायचं.

"मी म्हणन तवा दांडा टाकजो," तो भुपेंद्रला म्हणाला. "एक."

गाडी अंगणातून निघून पांदणीला लागली.

"दोन!"

भुपेंद्रनं दांडा ओढला. कर्रर्र करून गिअरनं दात खाल्ले.

"गिअरबॉक्स गेला, काकाजी."

"नाही गेला. आणखी एकडाव. दोन!"

पुन्हा कर्रर्र.

"राहू द्या जी. भंगारातच जाते आता हे."

उदारामनं गाडी थांबवली. इंजिन घुरघुरत राहिलं. तो स्वतःशीच हळू म्हणाला, "दोन." शब्द निघून गेला, आणि मग कुठं डावा गुडघा क्लचवर खाली गेला. त्यानं पुन्हा करून पाहिलं. आधी शब्द, मागून पाय. आज नवं असं काही नव्हतं; त्याची सवयच ती. तरी इतक्या वर्षांत गिअर एकदाही करकरला नव्हता.

तो आपल्या गुडघ्याकडे बघत राहिला. शेजारच्या सीटवरून तो स्वच्छ दिसत असणार.

"काय झालं जी?"

"माया बोलण्यावर जाऊ नको," उदाराम म्हणाला. "माया गुडघ्यावर नजर ठेव. तो खाली गेला का टाकजो."

"अन् तुमी?"

"मी बोलत नाही."

गाडी निघाली. भुपेंद्र मान खाली घालून बसला. दुसरा पडला. तिसरा पडला. तलावाच्या पाळीवर चौथा पडला तेव्हा काठावरचे बगळेसुद्धा उठले नाहीत.

"लय बेस!" भुपेंद्र दांड्यावर थाप मारत म्हणाला. "घेतली मी, काकाजी. फिरवा आता माघारी."

वळायची जागा आली आणि मागं गेली. अठरा दिवसांत पहिल्यांदा उदारामचे डोळे वाहत होते, आणि पुसायचा हात स्टिअरिंगवर होता.

"काकाजी?"

पाळ संपून सरळ रस्ता लागला. दांडा धरून भुपेंद्र त्याच्या गुडघ्याकडे बघत राहिला. गुडघा काही खाली जाईना.