मंदिरामागची विहीर

योगिनी मॅडमची उभी नोकरी सायखेड्याकडच्या विहिरींची पाणीपातळी मोजण्यात गेली. त्या जिथं रेंगाळतात तिथं पाणी असणारच, असं ताडून लोक शेजारीच बोअर मारत. एकेक विहीर आटली; उरली मंदिरामागची. निवृत्तीआधीच्या शेवटच्या मोजणीला त्या मुद्दाम कीर्तन चालू असताना आल्या, सगळे मंडपात असतील म्हणून. टेप सोडली. पाणी लागलं! टेप वर ओढून घेतली, तोच आत नामाचा गजर उठला आणि त्यांचे हात आपसूक जुळले.

"हात जोडले म्हंजे लय पाणी दिसतंय, मॅडम!" मागं गावातले बहिरूनाना उभे होते.

"नाही हो नाना, कोरडी आहे."

"कीर्तनाच्या दारात खोटं बोलू नये. टेप वली हाय की!"

गजर टिपेला पोचला तेव्हा नाना बोअरच्या गाडीवाल्याला फोन लावत होते.