भरतीत बुडणारा खडक

विद्यार्थ्यांपासून शिपायापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. ताईने जन्मभर समुद्राचा कायदा शिकवला. एकेकाळी राजे अख्खा समुद्र आपल्या नावावर करून मोकळे होत. मग पंडित म्हणाले, समुद्र वाऱ्यासारखा, कुणाच्याच बापाचा नाही. मग किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा पडेल तिथवर मालकी. आणि शेवटी मोजून मैल. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. आता कुठे घरी बसावं म्हटलं, तर शेजारच्या देशाने धाकट्या भावाची मच्छीमार बोट हद्दीत शिरली म्हणून धरली. भाऊ सुटणारच होता. बोट मात्र जप्त होणार होती, आणि त्या बोटीशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

सुजलेले पाय आणि बसलेला घसा घेऊन ती त्यांच्या कोर्टात उभी राहिली.

"ही हद्द तुम्ही ज्या खडकावरून मोजलीत, तो भरतीला पाण्याखाली जातो. असल्या खडकाला कसला आलाय समुद्र?"

समोरचा सरकारी वकील तरुण होता, सभ्यही होता, मेला. त्याने शांतपणे आंतरराष्ट्रीय कोर्टातला तिचाच जुना युक्तिवाद वाचून दाखवला. अशाच एका खडकावरून तिने स्वतःच्या देशाला पाणी मिळवून दिलं होतं: ओहोटीला दिसतो ना, मग हद्द मोजताना धरायचा. ताईला कानकोंडं झालं. वकील हळूच म्हणाला, "तेव्हा चुकलात एवढं लिहून द्या. बोट आज सोडतो."

ती कोठडीत भावाला भेटायला गेली.

"देते लिहून. खरंच चुकले होते मी. नाक कापलं जाईल, जाऊ दे. थकले रे."

भाऊ बाकावर अंग चोरून बसला होता. "मग आपल्या खडकाचं काय होईल?"

"जाईल. भोवतीचं पाणीही जाईल."

"ताई, सगळं गाव तिथेच जाळी टाकतं."

"आणि तुझी बोट?"

तो तोंड फिरवून म्हणाला, "बोट माझ्या एकट्याची आहे."

त्याच्या पाठीवर हात ठेवायचं तिचं धाडस झालं नाही. भिंतीला धरून ती पुन्हा कोर्टात गेली. भाऊही शिपायाबरोबर मागे येऊन उभा राहिला.

"बोला, ताई," वकील म्हणाला.

"मी चुकले नव्हते," ती ठणकावून म्हणाली, आणि मागे वळून पाहिलं नाही.