दुसऱ्या वणीची ट्रॉली

शेजारच्या हंसाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. सोलता सोलताच म्हणाल्या, "समीक्षा, तुह्या सासूनं काल मले एका बैठकीत तीन डाव विचारलं, पोराचं लग्न कवा काढता म्हणून. माह्या पोराच्या लग्नात बुंदी वाढाले होत्या त्या! पोरीले त्यायच्यापाशी सोडतानी ध्यान ठेवजो, बाई."

"वय झालं की होतंच तसं, काकू," मी म्हटलं आणि खुशीच्या तोंडातली शेंग काढून घेतली. तीन वर्षांची पोर, केव्हा काय घशात अडकेल नेम नाही. माझं सगळं लक्ष त्या शेंगेकडे होतं.

सोमवारपासून मी पुसदच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायला जाणार होते. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारी परत. तेवढा वेळ खुशी माझ्या सासूबाईंजवळ, आईंजवळ राहणार. त्याआधी गडावर जाऊन येऊ, असं ठरलं.

गडाचं खूळ पेनांगहून आलेलं. महागावात आमचं कृषी केंद्र आहे, सासरे आणि माझा नवरा कपिल मिळून बघतात. मागच्या वर्षी बियाण्याच्या कंपनीनं कपिलला आणि मला मलेशियाच्या सहलीला नेलं. तिथे डोंगरावर चढणारी एक रेल्वे आहे. तिरपा डबा, पायऱ्यांसारखी बाकं, आणि सगळा भार एका जाड दोरावर. कपिलनं डब्यातूनच घरी व्हिडिओ कॉल लावला. मी दांडा धरून डोळे मिटले होते. उघडले तेव्हा आई फोनमधून म्हणत होत्या, "मले बी बसाचं हाय त्याच्यात."

"वणीच्या गडावर हाय ना अशीच," कपिल म्हणाला. "नेतो तुले."

आता वणी म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, कोणती? सप्तशृंगीचा गड नाशिककडच्या वणीचा. दुसरी वणी आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातली, कोळशाच्या खाणींची. आईंचं माहेर त्या वणीजवळ.

गडावरच्या रेल्वेला सगळे ट्रॉलीच म्हणतात. आम्ही पाचही जण एकाच डब्यात बसलो. खुशीला मी मांडीवर घट्ट आवळून धरलं. डबा हलला तशी मी दोराकडे पाहायला लागले. मध्यावर रूळ फाटले आणि खाली येणारा दुसरा डबा आमच्या बाजूनं सरकत गेला. आईंनी त्यातल्या माणसांना हात केला.

"आता आपलं गाव किती राह्यलं?" त्या म्हणाल्या. "सात कोस असंल, नाही?"

"अवं, ते वणी नोहे हे!" बाबा, म्हणजे माझे सासरे किसनराव, मोठ्यानं म्हणाले. समोरच्या बाकाकडे वळून त्यांनी सांगितलं, "चाळीस वर्षं झाली लग्नाले, पण बुढीचं माहेर सुटत नाही. दोन वण्या हायेत ना आमच्या नशिबी!"

सगळा डबा हसला. आईही हसल्या. आधी त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग हसल्या. मला ते दिसलं होतं. पण तेवढ्यात दोर करकरल्यासारखा वाटला, आणि मी खाली पाहिलं.

दर्शन झालं. कपिल प्रसादाच्या रांगेत थांबला. बाबा हातपाय धुवायला निघाले. जाताना मागे वळून मला म्हणाले, "सूनबाई, इथंच बस हं. हलू नको."

मला वाटलं, खुशीसाठी म्हणतायत. पाच मिनिटांनी आठवलं, खुशीची पाण्याची बाटली चपलांजवळ राहिली. आई तर होत्याच. मी गेले, बाटली घेतली, आले.

बाकावर कुणी नव्हतं.

मी आधी कठड्याकडे धावले. मग पायऱ्यांकडे. खाली शेकडो पायऱ्या, आणि त्यांवर माणसंच माणसं. दिसेल त्याला विचारत सुटले, तीन वर्षांची पोर पाहिली का. कुणीतरी म्हणालं, "म्हातारीसोबत आहे का मुलगी? ट्रॉलीकडे पाहा."

खाली जाणाऱ्या रांगेत, अगदी दाराशी, आई उभ्या होत्या. खुशीच्या फ्रॉकचा बंद त्यांनी आपल्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला होता. ट्रॉलीवरचा माणूस हातात एक कागद धरून होता.

"ताई, तुमच्या आहेत का या? तिकीट म्हणून हे देतायत."

दुकानाच्या बिलबुकाचा कागद. घड्या फाटलेल्या, त्यांवर मागून चिकटपट्टी. अक्षर बाबांचं.

मैनाबाई किसनराव, मु. पो. महागाव, जि. यवतमाळ. या बाईला बसवून ठेवा. हाताला धरून ओढू नका, घाबरते. मी येतो.

खाली मोबाईल नंबर.

"चाल लवकर," आई मला म्हणाल्या. "बबन स्टँडवर येऊन थांबला असंल. पोर पाह्यलीच नाही त्यानं अजून."

बबनमामा त्यांचे धाकटे भाऊ. ते वारले तेव्हा मला खुशीच्या वेळचा सातवा होता. खुशीला त्यांनी पाहिलं नव्हतं, हे मात्र खरंच.

पोरीला ओढून घ्यायला माझा हात पुढे गेला होता. तो मी मागे घेतला.

"जाऊ ना, आई. सगळे मिळून जाऊ. थोडं बसू आधी."

बाबा धापा टाकत आले. हात ओलेच होते. "काय भाऊ, बुढी वणीले निघाली ना? त्याचं असं हाय, दोन वण्या..." एवढं बोलले आणि त्यांना माझ्या हातातला कागद दिसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील." त्यांनी कागद घेतला, घडी घालून आईंच्या पिशवीत ठेवला. "तू पोर तिच्यापासून तोडशील म्हून नाही बोललो."

मागच्या वर्षी आम्ही पेनांगला होतो, त्या पाच दिवसांत बाबांनी दुकान उघडलंच नव्हतं. ऐन हंगामात! परत आल्यावर कपिल दोन दिवस त्यांच्याशी धड बोलला नव्हता.

कपिल प्रसाद घेऊन आला. "काय झालं?"

"काही नाही," बाबा म्हणाले.

"आईंना यवतमाळला डॉक्टरकडे न्यायचंय," मी म्हटलं. "सोमवारीच. कॉलेजात मी कळवते."

कपिल बाबांकडे पाहत राहिला. बाबा ओले हात धोतराला पुसत राहिले, ते कोरडे झाल्यावरही.

उतरताना मी आईंच्या शेजारी बसले. खुशी आमच्या मधे. पदराची गाठ मी सोडली नाही. आईंनी तीनदा विचारलं, कुठं चाललो. मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा बाबांनी समोरच्यांकडे वळून तोंड उघडलं आणि नुसतंच मिटलं.

तुमचंही कुणी गावाकडे असेल, तर आज फोन लावा. जेवलात का, असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. काल घरी कोण आलं होतं, काय बोलणं झालं, ते विचारा. आणि फोन मधेच दुसऱ्या कुणी घेतला, हसत हसत त्यानंच सगळं सांगितलं, तर थोडं थांबा. तो कसा आहे, तेही विचारा.